गोऱ्ह्याच्या गाईचं दूध

आमच्या मुरबाडकडे आणि पलीकडे शहापूरच्या बाजूला डांगी गाय कशासाठी पाळतात ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुधासाठी ती कोणी पाळत नाही. पाळायची ती बैलासाठी. गुडघाभर चिखलात, पावसाच्या माऱ्यात दिवसभर नांगर ओढायला डांगीच्या पोटचाच बैल लागतो. म्हणून गाय व्याली आणि गोऱ्हा झाला की दूध सगळं त्या गोऱ्ह्याला, घरातली माणसं कोरा चहा पितात. कालवड झाली तर निम्मं तिला आणि निम्मं घराला. बाहेरच्यांना हे उलटं वाटतं. वाटू दे. मला ते बरोबर वाटतं.

माझी गाय मी म्हसा गावच्या जत्रेतून आणली होती. काळीपांढरी, पाठीवर घोंगडी टाकावी तसा काळा डाग, आणि चालणं असं की बाजारात लोक वाट सोडायचे. दलाल म्हणाला, "बाबा, गरीब गाय आहे." मी म्हटलं, "गरीब असेल तर तुझ्याकडेच राहू दे, मला हुशार पाहिजे." तशीच निघाली ती. माझ्या दारात आली आणि पहिल्या वेताला गोऱ्हा. दुसऱ्याला गोऱ्हा. तिसऱ्याला पुन्हा गोऱ्हा. तिचे बैल मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत शेतकऱ्यांच्या दावणीला होते आणि ते रस्त्यात दिसले की मी थांबून बघायचो. जनावराची पारख मला आहे हे कोणी नाकारलं तर मी अजूनही भांडतो.

आता दुसरी गोष्ट. टोकावड्याच्या पुढे घाटाच्या अंगाला तेव्हा एक औषधवाला बसायचा. एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं असतील. पैसेवाले लोक बंदी असली तरी कल्याणला जाऊन पोटात मुलगा की मुलगी ते मशीनमध्ये बघून यायचे. गरिबाला हा औषधवाला. बाईला दुसरा महिना लागला की तो एक काळी गोळी द्यायचा. ती उपाशीपोटी, सकाळी, गोऱ्हा पीत असलेल्या गाईच्या दुधातून घ्यायची. आणि ते दूध जिला नुसते मुलगेच आहेत अशा बाईच्या हातून घ्यायचं. मग मुलगा होतो म्हणे.

माझ्या गाईला नुसते गोऱ्हे. माझ्या बायकोला दोन मुलगे, मुलगी नाही. औषधवाल्याला याहून चांगलं ठिकाण कुठे मिळणार? तो येईल त्या बाईला आमच्या गावाचा रस्ता दाखवायला लागला.

बाया यायला लागल्या तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे. शहापूरकडून, टोकावड्याकडून, कसाऱ्याकडूनसुद्धा. एसटीतून उतरायच्या आणि विचारायच्या, "गोऱ्ह्याची गाय कोणाची?" नाक्यावरचा चहावाला हात करून माझं घर दाखवायचा. आम्ही दुधाचा मोबदला घेतला नाही. नारळ आणला तर तोसुद्धा परत द्यायचो.

बायको पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "गाईला विचारलं नाय, मला विचारलं नाय. तुमी बसा ओटीवर मिशीला पीळ देत."

पहिली आली ती शहापूरच्या बाजूची. सासू पुढे, सून मागे. सून इतकी बारीक की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला दोन मुली होत्या. आदल्या संध्याकाळी येऊन आमच्याकडे मुक्काम केला होता आणि सासूने तिला रात्रीही जेवू दिलं नव्हतं. औषध लागू पडायला पोट पार रिकामं पाहिजे म्हणे. सकाळी मी गोऱ्ह्याला बांधलं, बायको गाईखाली बसली, तांब्यात दूध काढलं. मग उठून घरात गेली आणि नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं ताटात घेऊन आली. ताट त्या पोरीपुढे ठेवलं.

सासू म्हणाली, "काकी, उपाशीपोटी सांगितलंय."

"कोणी सांगितलंय?"

"औषधवाल्यानं."

"तो कधी गरवार होता?"

  मी जरा आवाज चढवून म्हणालो, "अगो, रिवाज आहे तो. जसा आहे तसा पाळायचा."

तेव्हा माझी बायको माझ्याकडे न बघता त्या सासूला म्हणाली, "आमच्या गाईचं दूध उपाशी बाईला चालत नाय. उलटं पडतं. मुलगा असला पोटात तरी सुटतो आणि मुलगी राहते. आमच्याकडे झालंय असं."

आमच्याकडे असं काहीही झालं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पण परक्या माणसासमोर आपल्या घरातल्या माणसाचं बोलणं खोडून काढणं मला कधी जमलं नाही, तो माझा स्वभाव नाही. मी गोऱ्ह्याला सोडायला गेलो. मागे वळून पाहिलं तर ती पोर भाकरी अशी खात होती की मान वर करत नव्हती.

जेवण झाल्यावर बायकोने तिला दूध द्यायला चुलीपाशी नेलं. गोळी तिच्याकडून आपल्या हातात घेतली. जरा वेळाने चुलीत चर्र झालं आणि वास आला, जळक्या हिंगासारखा. सासू ओटीवरून विचारते, "घेतली का गो गोळी?" आतून माझी बायको म्हणते, "गेली आत." आत म्हणजे चुलीत, हे मला कळलं. सासूला कळलं नाही. ती समाधानाने सुपारी कातरत बसली.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला हेच. आणि माझ्या बायकोचे नियम वाढत गेले. सासूला समोर बसवायची आणि सांगायची, "हे बघा, दूध एकदा पिऊन भागत नाय. घरी गेल्यावर भाताचं पहिलं वाढप हिला. पुरुषांच्या आधी. अंडं मिळालं तर अंडं, सुकट तर सुकट, शेवग्याचा पाला तर कुठंही मिळतो. शेवटच्या महिन्यांत भाताच्या आवणीला वाकवायची नाय, विहिरीवरून दोन दोन हंडे आणायला लावायचे नाय. पोट भरलेल्या बाईलाच मुलगा धरतो. उपाशी बाईच्या पोटात मुलगा टिकत नाय, मुलगी तेवढी टिकते, मुलीची जात चिवट."

सासवा मान डोलवायच्या. सुनेच्या जिवासाठी ज्या वाटीभर वरण वाढायच्या नाहीत, त्या नातवासाठी ताट भरून वाढायला तयार व्हायच्या.

मी एकदा शेतात तिला विचारलं. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणून राबाला कवळं, म्हणजे पाल्याचे भारे, पसरत होतो दोघं. म्हटलं, "हे पोट भरलेल्या बाईला मुलगा, हे तुला कोणी सांगितलं?"

म्हणाली, "उपकेंद्रातली नर्स एकदा बोलता बोलता म्हणाली होती. आईच्या अंगात कस नसला तर पोरगा आधी जातो असं काही लोक म्हणतात. खरं का खोटं ते मोठ्या डॉक्टरांनाच माहीत, असंही म्हणाली."

"म्हणजे तुला माहीत नाय."

"नाय."

"मग सांगतेस कशाला छातीवर हात ठेवून?"

ती कवळं पसरत राहिली. मग म्हणाली, "मुलगा व्हायचा का मुलगी ते मी कशाला ठरवू? बाई जेवून घरी गेली, एवढं मला दिसतं."

मग मला तिच्या धाकट्या बहिणीची आठवण झाली. तिला कसाऱ्याकडे दिली होती. एकामागून एक मुली झाल्या आणि दर वेळेला तिला कुठल्या ना कुठल्या देवाचे उपास, कुठली ना कुठली पुडी. शेवटच्या बाळंतपणात ती गेली. मयताला आम्ही दोघं गेलो होतो. तिथे जमलेल्या बाया रडत होत्या आणि सांगत होत्या, पोटात मुलगा होता हो, मुलगा होता. मुलासाठी रडत होत्या.  माझी बायको घरी आल्यावर त्यावर कधी बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही, त्या दिवशी राबातही नाही.

तक्रारी यायच्याच. टोकावड्याची एक म्हातारी भांडायलाच आली. सुनेला आणि सुनेच्या कडेवरच्या तान्ह्या मुलीला घेऊन आली, पुरावा म्हणून.

"खायला घातलं गो मी! दूध दिलं! वाढप पहिलं दिलं! माझा म्हातारा मागून जेवला! तरी ही बघ काय झाली!"

माझ्या बायकोने मुलीला कडेवर घेतलं. "गोड आहे. काय काय घातलंत?"

"भात, वरण, शेवग्याचा पाला."

"अंडं?"

"अंडं नाय. श्रावण होता."

"मग? अंड्याशिवाय मुलगा कुठला? अर्धंच केलंत तुमी. आता पुढच्या टायमाला अर्धं ठेवू नका. आणि पुढचा टाइम लगेच नाय हां. हिचं अंग भरू दे. दोन पावसाळे जाऊ देत. नायतर पुन्हा वाया."

म्हातारी विचारात पडली. मागे तिची सून पदर तोंडात घालून हसत होती. ती सून चांगली भरली होती अंगाने, गाल वर आले होते. मी ओटीवरून सगळं बघत होतो आणि मनात म्हणालो, ही बाई शाळेत गेली असती तर वकील झाली असती. मी तिला तसं म्हटलं नाही. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

ज्यांना मुलगे झाले ते पेढे घेऊन यायचे आणि गाईच्या पाया पडायचे. बायको म्हणायची, "गाय नसती तरी इतकेच झाले असते." हे मला मान्य नाही. त्या दुधात काहीतरी होतं असं मी आजही म्हणतो.

आता घरची गोष्ट. थोरल्या मुलाचं लग्न झालं तेव्हा सून मी स्वतः पाहून आणली. चार ठिकाणी नाही म्हटलं आणि पाचव्या ठिकाणी हिला पाहिलं. कमी बोलणारी, कामाला वाघ. एक खोड होती, जेवायला कधी मागायची नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायची, उरलं नाही तर पाणी पिऊन उठायची. सासू तिच्या ताटावर लक्ष ठेवायची म्हणून बरं. पहिली मुलगी झाली. लगेच दुसरी मुलगी. आणि तिचं अंग भरायच्या आत तिसऱ्यांदा दिवस गेले. दुसऱ्यांना दोन पावसाळे सांगणारी माझी बायको घरात मुलाला एवढं बोलली की तो बिचारा पंधरवडाभर तिच्या समोर जेवायला बसत नव्हता. नर्सने सुनेची पापणी खाली ओढून पाहिली, आत लाली नव्हती. म्हणाली, रक्त फार कमी आहे, जपा हिला.

आणि त्याच वेळी शहापूरहून माझी आक्का आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिने वाढवलं. तिच्यापुढे मी कधी मान वर केली नाही आणि माझ्या बायकोनेही कधी उलटून उत्तर दिलं नाही. आक्का आली ती रुमालाच्या गाठीत औषधवाल्याची गोळी बांधूनच आली. ओटीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "उद्या सकाळी हिला उपाशी ठेवा. लोकांच्या सुनांना दूध पाजलंत, आता आपल्या सुनेला पाजा."

मग सून तांदूळ निवडत बसली होती तिच्याकडे बघून, तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि या खेपेला नाय झाला तर मी एक बघून ठेवली आहे. माझ्या दिरांच्या नात्यातली. दुसरी करू. नाव तर चाललं पाहिजे ना घराचं."

सुनेचा हात सुपात थांबला. माझा मुलगा दारात उभा होता, तो खाली बघायला लागला. आत्यापुढे तो बोलणार नाही हे मला माहीत होतं. तो माझाच मुलगा.

बायको म्हणाली, "वन्सं, एक अडचण आहे."

"कसली गो?"

"गाईला कालवड झाली."

खरंच झाली होती. त्याच आठवड्यात. गाय म्हातारी झाली होती, ते तिचं शेवटचं वेत, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कालवड. मी ही गोष्ट गावात कोणाला सांगितली नव्हती. आक्का उठून गोठ्यात गेली, कालवडीची शेपटी वर करून खात्री करून आली.

"नेमकी आत्ताच कालवड घालायला मिळाली हिला!" आक्का गाईवर चिडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊ दे. खालच्या गावात कोणाकडे तरी गोऱ्ह्याची गाय असेलच. तू सकाळी तांब्या घेऊन जा आणि दूध मागून आण."

मी बोलायच्या आत बायको म्हणाली, "हो, जाऊ द्या की त्यांना. कसाऱ्यापासून लोक यांच्या दारात दुधाला आले. आता हे तांब्या घेऊन खालच्या गावात जाऊ देत. लोकांनाही बघू दे."

मला सगळं डोळ्यापुढे दिसलं. खालच्या गावातला तो माणूस, ज्याचे बैल माझ्या गाईच्या पोटचे, तो मला तांब्या भरून देतोय आणि विचारतोय, काय झालं रे तुझ्या गाईला?

मी म्हटलं, "मी जाणार नाय."

"अरे, सुनेसाठी!"

"मी कोणाच्याही दारात दूध मागायला जाणार नाय. मला मारून टाक पायजे तर."

"मग हिला पाठव."

बायको म्हणाली, "मी गेले काय आणि हे गेले काय, वन्सं, गाय तर यांचीच. जायचं का मी? तुमी सांगा, मी जाते." असं म्हणून तांब्या हातात घेऊन उभीच राहिली, माझ्याकडे बघत.

"कोणी जायचं नाय!" मी ओरडलो.

तिने तांब्या खाली ठेवला. मला तेव्हाच कळलं की तिला हेच माझ्या तोंडून यायला हवं होतं. इतक्या वर्षांत मी कुठे अडून बसेन हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण कळलं म्हणून मी शब्द फिरवला नाही. एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही. आक्काची गोळी रुमालातच राहिली आणि ती संध्याकाळच्या एसटीने परत गेली. जाताना म्हणाली, "पाचवीला येते. मग बघू."

कालवड झाली म्हणून दूध घराला मिळत होतं. ते सगळं सुनेला. बायको तिच्यापुढे पेला धरून बसायची, संपेपर्यंत उठायची नाही. सून म्हणायची, "मुलींना द्या की थोडं," तर म्हणायची, "मुलींचं मी बघते, तू पी." नर्सच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, अंडी, नाचणीचं सत्त्व. आवणीला सुनेला बांधावर बसवलं आणि तिच्या वाटचा चिखल स्वतः तुडवला, त्या वयात. गावातल्या बाया म्हणायच्या, "काकीनं लोकांना सांगितलं तसंच केलंन हां. आता मुलगाच बघा." आणि तिथेच मला भीती वाटायला लागली. कारण इतकी वर्षं जे बोलणं तिने दुसऱ्यांच्या घरी धाडलं, ते आता आमच्याच घरात येऊन बसलं होतं.

मुरबाडच्या दवाखान्यात सून बाळंत झाली. मुलगी. चांगली वजनदार, आणि आई लगेच उठून बसली, चहा प्याली. मागच्या खेपेला ती कितीतरी दिवस भिंतीला धरून चालत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान जपलंत. मी नातीला पाहिलं. काळेभोर केस, मुठी आवळलेल्या. आमच्या घराण्याचं नाक आहे तिला.

पाचवीला आक्का आली. पाचवीची पूजा म्हणजे बायांचा कारभार, गावातल्या झाडून सगळ्या बाया जमलेल्या. सून आतल्या खोलीत खाटेवर, दार उघडं. पूजा झाली, पाट्यावर हळदकुंकू वाहून झालं, आणि आक्का सगळ्यांच्या देखत माझ्या बायकोला म्हणाली:

"काय गो, खाऊ घातलंस ना? दूध पाजलंस? अंडी घातलीस? आवणीला नेली नायस? सगळ्या तालुक्याला सांगत फिरलीस, पोट भरलेल्या बाईला मुलगा होतो. आता बोल. का आमच्या सुनेच्याच नशिबात नाय? तिच्यातच खोट आहे असंच ना?"

 जमलेल्यांतल्या कितीतरी बायांनी माझ्या बायकोचं ऐकून आपल्या सुनांना, लेकींना खायला घातलं होतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मी दारात उभा होतो. मला वाटलं, ती आता म्हणेल की अजून काहीतरी कमी पडलं. टोकावड्याच्या म्हातारीला सांगितलं तसं काहीतरी. तिला सुचलं असतं, तिला काय सुचत नाही? पण तसं म्हटलं असतं तर खोट सुनेच्याच पदरात राहिली असती.

ती म्हणाली, "वन्सं, मी खोटं सांगत होते."

"काय?"

"पोट भरल्यानं मुलगा होतो हे मला माहीत नाय. कधीच माहीत नव्हतं. दुधानं होतो हेही नाय. गोळ्या मी चुलीत टाकत होते." मग जमलेल्या बायांकडे वळून म्हणाली, "तुमच्यासुद्धा. ज्या ज्या आल्या त्यांच्या सगळ्यांच्या. बायांना घरात कोणी वाढत नव्हतं. मुलाच्या नावानं वाढतील म्हणून बोलले. आता कोणाला मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या. पण माझ्या सुनेत खोट नाय. खोट असेल तर ती माझ्या बोलण्यात आहे, तिच्या पोटात नाय."

कोणी शिवी दिली नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "चुलीत टाकल्यास? अगो बाई!" आणि दुसरी कोणीतरी खुदकन हसली. पण माझी बायको हसत नव्हती. इतक्या वर्षांचा मान तिने सगळ्यांसमोर काढून ठेवला होता. मी तिला नांगराच्या मागे पाहिली आहे, पुरात गुरं काढताना पाहिली आहे, पण त्या दिवशीसारखी कधी पाहिली नाही.

आक्का माझ्याकडे वळली. "ऐकलंस? आता तू बोल. घराचा कर्ता तू. मी त्या लोकांना काय निरोप देऊ?"

मला आक्कापुढे बोलायची सवय नव्हती.  पण बोललो.

"आक्का, ही सून मी पाहून आणली. चार ठिकाणी नाय म्हटलं आणि हिला हो म्हटलं. मी बाजारातून जनावर आणलं तर ते परत बाजारात नेत नाय, तुला माहीत आहे. माणूस नेईन? माझी पारख चुकली असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाय. निरोप दे, या घरात जागा नाय."

"म्हणजे बायकोचं ऐकणार तू."

"बायकोचं नाय. मी माझंच ऐकतो. तिचं आणि माझं एकच निघालं तर त्याला मी काय करू?"

बायको म्हणाली, "सुनेला जनावर म्हणालात ते कमी होतं? आता गप्प बसा."

माझा मुलगा तेव्हा पुढे आला. आत्याच्या पाया पडला आणि म्हणाला, "आत्या, मला दुसरी नको." एवढंच. पण मोठ्याने म्हणाला, आतपर्यंत ऐकू गेलं.

 आक्काने पदर सावरला आणि ती उठायला लागली. माझ्या बायकोने तिला खांद्याला धरून खाली बसवलं, "उपाशी कुठं चाललात? पाचवीचं जेवण झाल्याशिवाय जायचं नाय." आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. आक्काने ते ढकललं नाही. बाया पंगतीला बसल्या. भात वाढून झाला, वरण फिरलं. आक्का मान खाली घालून जेवत होती.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला. ओटीवर ऐकू येईल एवढा.

"आई, मला अजून भात वाढा. आणि सुकटही आणा."

बायको पातेलं घेऊन आत गेली.